इंदूरमध्ये सेकंडहँड आरसी (रिमोटवर चालणारी छोटी) कार घेतली आहे. खोलून, साफ करून पुन्हा जोडताना काय सांभाळावं?

आधी बॅटरी काढा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगलेली असेल तर चार्जिंगला लावूच नका, घरात ठेवूही नका. खोलताना फोटो काढत राहा आणि स्क्रू भागवार वेगळ्या वाट्यांत ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की आतला गिअर अडतो.

खरा वेळ बेअरिंगांना द्या. बोटावर फिरवून बघा, खरखर जाणवली की बदला. १/१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या) गाड्यांत बऱ्याचदा बेअरिंग ५×११×४ मिमीचं (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) असतं, पण मोजूनच घ्या. सियागंज बाजारात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

धूळ कोरड्या ब्रशने झाडा. बॉडीला थिनर अजिबात लावू नका, पॉलिकार्बोनेट तडकतं. साबणाचं पाणी पुरे.

जोडताना पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि मोठ्या गिअरमध्ये कागदाची पट्टी धरून मोटर आवळा, मग पट्टी ओढून काढा. तेवढी फट हवीच. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूंना. आणि हे नक्की करा, कारण इथेच जुन्या गाड्या वाया जातात: प्लास्टिकमधला स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसला की मगच हलक्या हाताने आवळा.