मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी जालावर आधी कुठे जावे

नमस्कार. नोकरीनिमित्त स्टुटगार्टला जाऊन आपल्याला चार वर्षे झाली, तेथे मराठी वाचनालय नाही, कथालेखन पुन्हा सुरू करायचे आहे पण ऐन वेळी शब्द आठवत नाहीत, आणि सांगलीला असलेल्या आईसाठीही वाचायला काही हवे आहे, असे आपण लिहिले आहे. मी बरीच वर्षे पुस्तकांचे मुद्रितशोधन केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, लेखन प्रसिद्ध कुठे करावे याचा शोध घेण्याआधी आपण कोश उघडावेत. शब्द न आठवणे ही आपली खरी अडचण आहे आणि तिच्यावर जालावर, म्हणजे इंटरनेटवर, उत्तम उपाय आहे.

शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे कोश जालावर विनामूल्य ठेवले आहेत. त्यांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. तेथेच दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, जो १९३२ ते १९५० या काळात खंडशः प्रसिद्ध झाला, आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. कथा लिहिणाऱ्याला या तिघांत दाते-कर्वे सर्वाधिक उपयोगी पडतो, कारण त्यात अर्थ मराठीतच दिलेले आहेत, एका शब्दाच्या अनेक छटा वेगळ्या काढल्या आहेत, त्या शब्दावरचे वाक्प्रचार आणि जुन्या ग्रंथांतली उदाहरणे आहेत, आणि शब्द कोकणी, गोमंतकी की वऱ्हाडी वळणाचा आहे हेही पुष्कळ ठिकाणी नोंदवलेले आहे. पात्र कोणत्या भागातले आहे त्याप्रमाणे त्याच्या तोंडी शब्द घालायचा असेल, तर ही नोंद सोन्याच्या मोलाची ठरते.

मात्र हे कोश वापरताना नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडतो. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे शुद्धलेखनाचे आजचे नियम येण्यापूर्वीचे आहेत. त्यामुळे ‘गाव’, ‘नाव’, ‘करणे’ असे शोधल्यास हवा तो शब्द बहुधा सापडत नाही आणि कोशात तो नाहीच असे वाटते. ‘गांव’, ‘नांव’, ‘करणें’ असे अनुस्वारासह शोधावे. शब्द मिळाल्यावर लगेच पान बंद करू नये, त्याच्या मागचे-पुढचे चार शब्दही वाचावेत. विसरलेले शब्द बहुधा असेच परत येतात. मोल्सवर्थमध्ये काही जातींविषयी आणि स्त्रियांविषयी तुच्छतेने लिहिलेले अर्थ आढळतात. ते त्या काळातील लोकांच्या दृष्टीची नोंद म्हणून वाचावेत, आपल्या वाक्यात तसेच्या तसे घेऊ नयेत.

माहितीची खातरजमा करण्यासाठी मराठी विश्वकोश आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या या कामाचा पहिला खंड १९७६मध्ये निघाला. आज सगळे खंड जालावर शोधता येतात. इतिहास, वनस्पती, कला यांवरील नोंदी भरवशाच्या आहेत. लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे मात्र त्या त्या खंडाच्या काळाचे आहेत, हे विसरू नये. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंडही जालावर आहेत.

आता वाचनाविषयी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्याच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात आणि त्यांत चरित्रे व वैचारिक लेखन विपुल आहे. इंटरनेट अर्काइव्ह या जालावरील ग्रंथसंग्रहात जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. पण तेथे नावे बहुधा रोमन लिपीत आणि कशीही नोंदलेली असतात, म्हणून एकच नाव तीन-चार प्रकारे लिहून शोधावे लागते. तेथे दिसते ते सर्व स्वामित्वहक्कातून मुक्त आहे असेही समजू नये. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११च्या आरंभी मुक्त झाले. आपण राहता त्या जर्मनीत ही मुदत ७० वर्षांची आहे.

माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला मराठी विकिस्रोताचा, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या जालावरील मुक्त ग्रंथालयाचा, आहे, आणि तोही केवळ वाचण्यासाठी नव्हे. तेथे एका बाजूला छापील पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर असतो. यंत्र ‘घ’चा ‘ध’ करते, ‘भ’चा ‘म’ करते, अनुस्वार गाळते. त्या चुका माणसाने दुरुस्त करायच्या असतात. एकाने पान तपासले की त्याची खूण पिवळी होते, दुसऱ्याने पडताळले की हिरवी. रोज एक पान तपासण्याचा नेम आपण सहा महिने करून पाहावा. अक्षर न् अक्षर पाहत वाचताना जुन्या लेखकाने वाक्य कुठे लांबवले, कुठे तोडले, क्रियापद कुठे ठेवले, हे आपोआप ध्यानात येते. नुसत्या वाचनात डोळा तिकडे जात नाही. वाक्यरचनेविषयी मला जे काही कळते, ते मी याच कामात शिकलो. शिवाय आपण शुद्ध केलेले पान पुढे कोणालाही वाचता येते, याचे समाधान फार मोठे आहे.

लिहिण्याच्या साधनांविषयी थोडक्यात सांगतो. युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर वा मोबाईलवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांत, लिहावे. सवड असेल तर इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिकावा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे तो पाठ व्हायला अवघड नाही, आणि ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ त्यात वेगळ्या कळीने नीट उमटतो. नेमक्या पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जालावर आहेत. कथेत त्यांची गरज क्वचितच पडेल, अनुवादात मात्र वारंवार पडते.

आपल्या आईंसाठी पीडीएफ पाठवू नका, कारण मोबाईलवर पान मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचणारा कंटाळतो. विकिस्रोतावरील पूर्ण झालेले पुस्तक ईपब स्वरूपात, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे ओळी जुळवून घेणाऱ्या ई-पुस्तकाच्या रूपात, उतरवून घ्या, त्यांच्या मोबाईलवर ईपब वाचण्याचे एखादे ॲप घालून द्या आणि अक्षर त्यांना हवे तेवढे मोठे कसे करायचे, ते व्हिडिओ कॉलवर एकदा दाखवा.