वाचक विचारतात : आधी प्रेसमडचा काटा, मग कार्बनचा

गेल्या महिन्यात पुण्यात जैवऊर्जा, कार्बन बाजार आणि डेटा सेंटर अशा तिन्हींची मोट बांधलेली एक परिषद झाली. तिच्याबद्दल या सदरात चार ओळी लिहिल्या आणि पत्रं सुरू झाली. साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीत 31 वर्षं काढलेल्या माणसाला जे कळतं ते सांगतो. तीन पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमचा कारखाना रोज 5,000 टन ऊस गाळतो. प्रेसमडपासून (उसाचा रस साफ करताना उरणारा गाळ) रोज 8 टन सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) निघेल आणि कार्बन क्रेडिटमधून कर्जाचे हप्ते फिटतील, असं एका सल्लागाराने मंडळापुढे मांडलं. विश्वास ठेवावा का?
— एक संचालक, वाळवा तालुका

8 टनांचा हिशेब खोटा नाही, अर्धवट आहे. उसाच्या साधारण 4 टक्के प्रेसमड निघतो, म्हणजे दिवसाला 200 टन. (शेतकरी याला मळी म्हणतात आणि कारखान्यात मळी म्हणजे मोलॅसिस. या घोळात एका बैठकीचा पाऊण तास गेलेला मी पाहिला आहे.) 25 टन प्रेसमडमागे एक टन गॅस धरतात, म्हणून 8. पण तुमचा हंगाम किती दिवसांचा? 120 धरा. एकूण प्रेसमड 24,000 टन. प्रकल्प वर्षातले 330 दिवस चालवायचा म्हटलं तर रोजच्या वाट्याला 73 टन येतो आणि गॅस जेमतेम 3 टन. आठ टनांची यंत्रं घेतलीत तर पावसाळ्यात त्यांच्याकडे बघत बसाल.

तेही साठवलेला माल चांगला राहिला तर. जानेवारीत पहाटे प्रेसमडच्या ढिगाजवळ उभं राहून पाहा, वाफा निघत असतात. कोपरभर हात आत घातला तर चटका बसतो. जी उष्णता तुम्हाला हाताला लागते, ती तुमच्या डायजेस्टरमधून, म्हणजे गॅस तयार करणाऱ्या बंद टाकीतून, वजा झालेली असते. ढीग दाबून, झाकून ठेवण्याचा खर्च त्या अहवालात कुठल्या पानावर आहे, तेवढं विचारा. सल्फिटेशनचा, म्हणजे गंधकाच्या धुराने रस साफ करणारा, कारखाना असेल तर गॅसमधलं हायड्रोजन सल्फाइड काढण्याचा खर्चही बघा, नाहीतर कॉम्प्रेसर खाऊन टाकतं.

आता क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड किंवा तेवढ्या तापमानवाढीचा दुसरा वायू. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन साधारण 28 पट धरतात, म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण क्रेडिट मिळतं ते 'प्रकल्प नसता तर मिथेन हवेत गेला असता' हे दाखवल्यावर. तुमचे सभासद आजच ट्रॉल्या भरभरून प्रेसमड शेतात नेत असतील, तर मग मिथेन हवेत जात होता कुठे, हा पहिला प्रश्न तपासणीला आलेला माणूस विचारेल.

स्वतःचं सांगतो. आमच्या कारखान्याने 2007 मध्ये क्योटो करारातल्या सीडीएम या क्रेडिट देणाऱ्या योजनेखाली बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) विजेसाठी अर्ज केला. 2008 मध्ये क्रेडिटला 20 युरोच्या वर भाव होता. कागद, तपासणी, पुन्हा कागद करत नोंदणी हातात आली 2012 मध्ये, आणि त्या वर्षअखेर भाव एका युरोच्याही खाली. सल्लागाराचं बिल मात्र पूर्ण भरलं. तेव्हापासून माझा नियम एकच : क्रेडिटचा रकाना शून्य ठेवून प्रकल्प गॅस आणि खतावर उभा राहतो का ते बघायचं. केंद्राने जून 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना आणली आहे, पण आजच्या घडीला तुमचा भरवसा सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये सीबीजी मिसळण्याच्या सक्तीवर असावा. 2025-26 मध्ये 1 टक्का, 2028-29 पासून 5 टक्के. गिऱ्हाईक तिथून येणार.

प्रश्न : मी डेटा सेंटरमध्ये शिफ्ट इंजिनिअर आहे. आमच्या लॉबीत 'शंभर टक्के हरित वीज' अशी पाटी आहे आणि मागच्या अंगणात डिझेल जनरेटरची रांग. गावी सांगितलं तर आई हसते. खरं काय?
— एक वाचक, ऐरोली

आईंना माझा नमस्कार कळवा. पाटी बहुधा वर्षाच्या बेरजेवर लिहिलेली असते. सर्व्हर जुलैतल्या रात्री तीन वाजताही तेवढीच वीज खातो. बगॅसची वीज मिळते हंगामात, सौर मिळते दिवसा. वर्षभरात जेवढे युनिट वापरले तेवढे कुठेतरी हरित खरेदी केले की पाटी लागते, पण त्या रात्री तारेतून आलेली वीज बऱ्याचदा कोळशाचीच असते. याला लबाडी म्हणणार नाही. बोलणं मात्र अपुरं आहे. परिषदेत तासातासाचा हिशेब जुळवण्यावर एक सत्र झालं आणि नेमकी तेव्हाच जेवणाची वेळ झाली!

पीयूईचंही (एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज) तसंच. 1.5 म्हणजे सर्व्हरच्या एका युनिटमागे थंडावा वगैरेला अर्धा युनिट. तो 1.3 वर आणला तर कौतुकच, विशेषतः नवी मुंबईच्या दमट हवेत. पण वीज कशापासून बनली, याबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नाही. तुमच्या हातात लॉगबुक आहे. जनरेटरच्या चाचण्यांना महिन्याला किती लिटर डिझेल जातं, ते तुम्हीच काढा आणि पाटीवाल्यांना दाखवा.

प्रश्न : एका संस्थेने अगदी कमी पैशांत गोबरगॅस बसवून दिला. कागदावर लिहिलंय की कार्बनचे हक्क त्यांचे. फसवलं का?
— एक वाचिका, जुन्नर

नाही ताई, तेवढ्यावरून फसवलं म्हणता येणार नाही. त्यांनी सवलत दिली, ती तुमच्या चुलीतलं वाचलेलं लाकूड मोजून, त्याची क्रेडिट विकून वसूल करणार. फक्त हक्क किती वर्षांसाठी दिलेत ते वाचून घ्या, आणि मराठी प्रत मागा. दोन घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, चारेक जनावरं तरी हवीत. उद्या म्हैस विकलीत आणि टाकी बंद पडली तर काय, हे करारात शोधा. आणि झडप गळायला लागली की दुरुस्तीला कोण येणार, त्याचा मोबाइल नंबर त्याच कागदावर त्यांच्याकडून लिहून घ्या. सहीच्या वर.