मागून कुईकुई येते, शॉकअप बदलले तरी जात नाही

या वेळी गाडीच्या मागच्या सस्पेन्शनच्या आवाजाचीच पत्रं जास्त आलीत, म्हणून इंजिनचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. साताऱ्याच्या ताईंचं उत्तर मुद्दाम लांब लिहितोय कारण त्यांच्यासारखे पैसे खूप जणांचे जातात आणि ते वाचू शकतात.

प्रश्न : दादा नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक आहे २०१७ ची, ८२,००० किमी झालेत. तीन-चार महिन्यांपासून मागच्या बाजूने कुई... कुई असा आवाज येतो, स्पीडब्रेकरवरून हळू गेलं की जास्त, मागे मुलं बसली की अजून जास्त, हायवेला मात्र काही नाही. एका गॅरेजमध्ये शॉकअप गेलेत म्हणून दोन्ही बदलले, ६,८०० रुपये झाले, चार दिवस शांत होती आणि परत तेच. आता स्प्रिंग बदलू म्हणतात. पावसात आवाज येत नाही हे पण सांगायचं राहिलं, त्याचा काही संबंध असेल का? — एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, तुम्ही राहिलं म्हणून शेवटी जे लिहिलंत तेच सगळ्यात कामाचं आहे. पावसात आवाज जातो म्हणजे कुठेतरी कोरडं रबर घासतंय, रबर-लोखंड किंवा फाटलेलं रबर रबरावर. कोरडं रबर सरळ सरकत नाही, आधी चिकटून धरतं मग सुटतं मग परत धरतं, हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की आपल्याला कुई ऐकू येतं, आणि पाणी मधे गेलं की ते सरकायला लागतं म्हणून गप्प. शॉकअप खराब झाला तर तो असा सहसा रडत नाही. तो तेल गाळतो, गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा झुलते, किंवा आतून टकटक येते. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही, म्हणून शॉकअप बदलायचं कारणच मला दिसत नाही. वाईट वाटतं हे लिहायला पण खरं आहे ते सांगितलं पाहिजे.

आता तुमच्या गाडीत मागे काय असतं ते बघू. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे एक आडवा बीम असतो, त्याचे दोन हात पुढे येऊन बॉडीला एकेका मोठ्या बुशवर टांगलेले असतात. चाक वर-खाली झालं की सगळं वळण त्या दोन बुशांत पडतं. हा बुश म्हणजे बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मधे दोन्हीला घट्ट चिकटवलेलं रबर. आतली नळी बोल्टने बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये आवळलेली आणि बाहेरची बीममध्ये दाबून बसवलेली, म्हणजे यात काहीच सरकायचं नसतं, फक्त रबर पिळतं आणि परत जागेवर येतं. म्हणून इथून कुई आली तर एकतर रबर फाटलंय, किंवा नळीपासून सुटलंय, किंवा बोल्ट ढिला होऊन आतली नळीच ब्रॅकेटमध्ये घासतेय. ८२,००० किमीला आणि सात-आठ वर्षांनी माझा पहिला संशय इथेच जातो, दुसरा स्प्रिंगच्या खाली-वर जे रबर बसवलेलं असतं त्याच्यावर, तिथे खडी-माती जाऊन बसली की स्प्रिंग त्यावर कर्र कर्र करते आणि मागे वजन आलं की वाढतं. (स्प्रिंग बदलायची गरज त्यातही नसते, काढून धुवून रबर नवीन टाकलं की झालं. फक्त स्प्रिंगचं टोक तुटलेलं नाही ना ते बॅटरी मारून बघा.)

पण गाडीखाली जायच्या आधी डिकी रिकामी करा, अगदी पूर्ण. पार्सल ट्रे काढा, स्टेपनी काढा, जॅक आणि पाने काढा, मागची सीट खाली पाडून परत लॉक करा आणि तोच स्पीडब्रेकर घ्या. मी धंद्यात नवीन असताना एका गाडीचे मागचे सगळे बुश बदलून दिले, दोन दिवस गेले, आणि आवाज निघाला मागच्या सीटच्या लॉकच्या खिट्टीतून. गिऱ्हाईक चांगलं होतं, काही बोललं नाही, बुशचे पैसे मी परत दिले आणि तेव्हापासून डिकी रिकामी केल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. दरवाजाचं बीडिंग पण असंच फसवतं, त्याला सिलिकॉनचा हात फिरवून बघा.

आवाज तरी आहे? मग दोन माणसं लागतील. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि हॅण्डब्रेक सोडलेला. हा हॅण्डब्रेकचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. बीम वर-खाली होताना मागचं चाक थोडं फिरू बघतं, हॅण्डब्रेक ओढलेला असला की ब्रेक शू ते धरून ठेवतात आणि ड्रममधून वेगळाच करकर आवाज येतो, मग माणूस भलतीकडेच शोधत बसतो. एकाने डिकीच्या काठावर दोन्ही हातांनी वजन टाकून गाडी दाबायची-सोडायची, दुसऱ्याने बाजूला वाकून ऐकायचं आणि एकेका जागी बोटं टेकवायची, बुशचं ब्रॅकेट, स्प्रिंगची खालची वाटी, शॉकअपचा खालचा बोल्ट. कानाला आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो पण बोटाला थरथर एकाच जागी लागते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये मात्र बोट घालायचं नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, स्टॅण्ड नसेल तर सर्व्हिस स्टेशनच्या रॅम्पवर किंवा पिटवर घेऊन जा.

त्यानंतर पाण्याची बाटली घ्या, कपड्यांना इस्त्री करताना मारतो ती फवाऱ्याची चालेल. एका वेळी एकच जागा भिजवायची, दहा-पंधरा वेळा गाडी दाबायची, आवाज गेला तर चोर तोच, नाही गेला तर पुढची जागा. घाईत सगळं एकदम भिजवलंत तर आवाज जाईल पण कुठला गेला ते कळणार नाही. इथे पाणीच वापरा. डिझेल, जुनं इंजिन ऑइल, गंज सोडवायचा स्प्रे हे काही मारू नका, रबर त्याने फुगतं आणि मऊ पडून लवकर फाटतं. तुमची गाडी शॉकअप बदलल्यावर चार दिवस शांत होती म्हणालात ना, माझा अंदाज आहे की काम करताना कुणीतरी असंच काहीतरी तेलकट मारलं असणार, वाळलं की परत सुरू.

बुशच निघाला तर दोन्ही बाजूचे बदलून घ्या, एका शॉकअपपेक्षाही स्वस्त पडतात, मजुरी जास्त असते कारण बीम खाली घ्यावा लागतो आणि बुश प्रेसवर काढावा-बसवावा लागतो. बुशच्या रबरात कुठल्या दिशेला पोकळी आहे ते जुना काढायच्या आधी खडूने बीमवर मार्क करून ठेवायला सांगा, नवीन तसाच बसला पाहिजे.

आणि आता जे सांगतोय ते मेकॅनिकला सांगायला लाजू नका. बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर असताना. गाडी वर टांगलेली असते तेव्हा चाक खाली लोंबतं, बीमचे हात खाली झुकलेले असतात. तशातच बोल्ट कचकचून आवळला तर आतली नळी त्या कोनात कायमची पकडली जाते, मग गाडी खाली ठेवली की रबर उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं, रस्त्यावर त्याच्यात अजून पीळ पडतो, आणि वर्षानुवर्षं टिकणारा बुश काही महिन्यांत फाटतो आणि कुईकुई परत. शॉकअपच्या खालच्या डोळ्यातला (बोल्ट जातो त्या गोल कडीतला) रबर बुश सुद्धा असाच असतो, त्यामुळे तुमचे नवीन शॉकअप लावताना तो बोल्ट हवेतच आवळला असेल तर तिथूनही आवाज येऊ शकतो. तेव्हा खर्च करायच्या आधी गाडी चाकांवर उभी ठेवून मागचे शॉकअपचे खालचे दोन्ही बोल्ट एकदा ढिले करून, गाडी दोन-चार वेळा दाबून, परत कंपनीच्या टॉर्कला आवळून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. नशीब असेल तर एवढ्यावरच भागेल, नाहीतर बुशकडे वळा, पण स्प्रिंगला हात लावू देऊ नका जोपर्यंत ते तुम्हाला बोट लावून दाखवत नाहीत.

प्रश्न : काका, माझ्या गाडीला डिकीत सीएनजी किट बसवलंय दोन वर्षांपूर्वी. आता मागून किर्र असा आवाज येतो, खड्ड्यात टण्ण पण येतो कधीकधी. सस्पेन्शन बसलं का? — वाचक, पनवेल

उत्तर : बसलं असेलही थोडं, कारण मोठं लोखंडी सिलेंडर रिकामंच अर्धा क्विंटलच्या आसपास भरतं आणि ते चोवीस तास मागे असतं, म्हणजे एक माणूस कायम डिकीत बसवल्यासारखं. पण टण्ण येतो म्हणताय त्यावरून आधी सिलेंडरचा स्टॅण्ड बघा. पट्ट्यांखाली रबर असतं ते सरकलं की पट्टी सिलेंडरवर थेट घासते, आणि स्टॅण्डचे बोल्ट ज्या पत्र्यातून खाली गेलेत तिथे गंज किंवा तडा आहे का ते खालून बघून घ्या, हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही. तुम्ही फक्त बघायचं. व्हॉल्व्ह, पाइप, पट्ट्यांचे बोल्ट याला स्वतः पाना लावायचा नाही, अधिकृत किट बसवणाऱ्याकडेच जा. सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर ३ वर्षांनी लागते, तुमची पुढच्या वर्षी येईल, स्टॅण्डचं काम मात्र तोपर्यंत थांबवू नका.

प्रश्न : दादा, आम्ही कॅल्गरीला असतो. उणे २० च्या खाली गेलं की गाडीच्या मागून जुन्या पलंगासारखा आवाज येतो, उन्हाळ्यात अजिबात नाही. डीलर म्हणतो नॉर्मल आहे. — वाचक, कॅनडा

उत्तर : थंडीत रबर कडक होतं हे बरोबर आहे. पण तुमच्या गाडीला मागे स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी जास्त झुकू न देणारा आडवा दांडा) असेल तर त्याचे दोन बुश बघायला सांगा. बऱ्याच गाड्यांत हा बार बुशच्या आत फिरतो, वर बीमच्या बुशचं सांगितलं तसं चिकटवलेलं नसतं, आणि तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात त्याने बुशखाली बारला गंज धरतो, मग गंजलेल्या लोखंडावर कडक रबर. बुश काढून बार पॉलिश पेपरने साफ करायचा, त्याच जाडीच्या बारचे नवीन बुश घ्यायचे (एकाच मॉडेलला वेगवेगळ्या जाडीचे बार असतात, मोजून घ्या) आणि आतून सिलिकॉन ग्रीस लावून बसवायचे. बुश बारला चिकटवलेला असेल तर ग्रीसचा उपयोग नाही, तो बदलावाच लागतो. खात्री करायची असेल तर बारच्या दोन्ही बाजूच्या लिंक सोडून गल्लीत अगदी हळू एक चक्कर मारायची, आवाज गेला तर तोच. त्या अवस्थेत हायवेला जाऊ नका, गाडी वळणावर जास्त झुकते.

प्रश्न : भाऊ, आमची पाट्यावरची (लीफ स्प्रिंगची) पिकअप आहे, सोयाबीन नि खताची वाहतूक. रिकामी असली की मागून चुईचुई करते, माल भरला की कमी. वडील पाट्यांना जळकं ऑइल लावायला सांगतात, त्यांच्या ट्रकला ते तसंच करायचे. लावू का? — वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : वडिलांच्या ट्रकला पाट्याच्या डोळ्यात बहुतेक धातूचे बुश असणार आणि त्याला निपलमधून ग्रीस मारायचे, त्यामुळे त्यांचं चालून गेलं. तुमच्या पिकअपला डोळ्यात आणि शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या कडीत) रबरी बुश असतील तर जळकं ऑइल ओघळून त्यांच्यावर जातं आणि ते फुगतात. शिवाय ऑइलवर शेताची माती बसते, तिची सँडपेपरसारखी पेस्ट होते आणि पाटे अजून झिजतात. ते ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं तर वेगळंच संकट.

असं करा. पाण्याच्या जोराने पाटे स्वच्छ धुवून घ्या, वाळू द्या. मग चेसिसखाली दोन्ही बाजूला मजबूत स्टॅण्ड लावून एक्सल लोंबकळू द्या, वजन निघालं की पाटे एकमेकांपासून टोकाकडे थोडे सुटतात. टॉमीने अलगद फट करून तारेच्या ब्रशने गंज काढा आणि ग्रॅफाइट ग्रीस भरा, बुशपासून लांब ठेवून. पाट्यांच्या टोकाला मधे प्लास्टिकच्या चकत्या असतील तर त्या झिजल्यात का ते आधी बघा, बऱ्याचदा चुईचुई तिथूनच येते, त्या नवीन मिळतात आणि तिथे ग्रीस लागतच नाही. शॅकलचे बुश बदलायचे झाले तर बोल्ट शेवटचा आवळताना तोच नियम, गाडी खाली, वजन चाकांवर.

आणि एवढं खाली गेलाच आहात तर एक्सल पाट्यांना आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट आणि पाटे एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट बघून घ्या. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल पाट्यावर मागे-पुढे सरकतो, दोन्ही बाजूला मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर टेपने मोजा, फरक दिसला तर बोल्ट नवीन पडेपर्यंत माल भरू नका. यू-बोल्ट एकदा काढले की परत तेच लावायचे नाहीत, नवीन घ्या, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर नट परत एकदा आवळून घ्या.