भयपट बघायला सुरुवात करतोयस? आधी कान तयार कर

पहिल्याच रात्री रक्ताचे पाट वाहणारा सिनेमा लावू नकोस. १९७९चा ‘एलियन’ घे. त्यातला प्राणी जेमतेम काही मिनिटं दिसतो, भीती असते ती यानातल्या रिकाम्या बोळांची. दिवे घालव, हेडफोन लाव, मोबाइलवर तर अजिबात बघू नकोस.

‘तुंबाड’ (२०१८) मात्र पावसाळ्यासाठी राखून ठेव. त्यातल्या पावसासाठी सिनेमा करणाऱ्यांनी अनेक पावसाळे चित्रीकरण केलं. मी तो ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या घरी पाहिला. बाहेर पत्र्यावर सर कोसळत होती, आतला पाऊस कुठला नि बाहेरचा कुठला, कळेना. अंगावर काटा आला रे!

विज्ञानकथांत ‘ब्लॅक मिरर’ या मालिकेपासून सुरू कर, जवळपास प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. जगण्यामरण्याचे थरारपट नंतर बघ, आणि एकट्याने नको.