गुलमर्गला स्की करायला जाताय? सह्याद्रीच्या सवयी मुंबईतच ठेवा

डोंबिवलीच्या एका सदस्याने विचारलंय: फेब्रुवारीत चौघं गुलमर्गला चाललोय, गोंडोलाने (केबल कारने) अफारवट डोंगरावर जाऊन आखलेल्या भागाबाहेर स्की करायचंय. सह्याद्रीचा अनुभव भरपूर आहे, बीकन (अंगावर बांधायचं, सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र) घेतला की पुरे का?

नाही. बीकन हिमस्खलन टाळत नाही, गाडलेला माणूस शोधून देतो. जीव वाचतो तो उतार निवडताना, आणि नेमका तिथेच सह्याद्रीचा अनुभव घात करतो.

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला गेलेल्या माणसाला घळ म्हणजे वर जायची वाट वाटते. बर्फात हिमस्खलन त्याच घळीने उतरतं, आणि तळाशी बर्फ इतका साचतो की छोटं स्खलनही माणसाला खोल गाडतं. डोंगराची सोंड धरा, धार धरा; फक्त धारेच्या कडेला बाहेर लोंबणाऱ्या बर्फापासून लांब राहा.

पाऊस थांबून आभाळ निवळलं की आपण निघतो. तिकडे मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला उन्हाचा दिवस सगळ्यात फसवा. नवा बर्फ खालच्या थराला नीट धरलेला नसतो. वाऱ्याने धारेपलीकडे नेऊन टाकलेल्या बर्फाची घट्ट स्लॅब, म्हणजे एकसंध लादी, बनते, आणि तिच्याखाली साखरेसारखा सुटा थर असला तर एका माणसाचं वजन पुरतं. हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत स्लॅब त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्याच वजनाने सुटलेली असते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच अफारवटवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले.

स्लॅब बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते, आणि स्की करायला मजा येते तीही तिथेच. फोनमधल्या ॲपने कोन मोजायची सवय लावा. शंका असेल त्या दिवशी २५ अंशांच्या आत राहा, आणि डोक्यावर तीव्र उतार नाही ना, तेही बघा. पायाखाली ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज आला किंवा स्कीपासून भेग पळत गेली, की चर्चा न करता आल्या वाटेने मागे फिरा. आधी कुणाच्या स्कीच्या खुणा उमटल्यात म्हणून तो उतार सुरक्षित ठरत नाही.

आपण ट्रेकला एकत्र चालतो. इथे धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. गाडलेल्या माणसाच्या हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. बाहेरून मदत तेवढ्यात पोचत नाही. म्हणून बीकन, प्रोब (बर्फात टोचून बघायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं.

बीकन सॅकमध्ये नको, अंगावर बांधा. फोन त्याच्यापासून निदान २० सेंटीमीटर दूर, आणि शोधताना ५० सेंटीमीटर. सराव मुंबईतच होतो: मैदानात एकाने बीकन लपवावा, दुसऱ्याने घड्याळ लावून शोधावा. शेवटच्या तीन मीटरमध्ये बहुतेकांची घाई होते. तिथे बीकन जमिनीलगत धरून, न फिरवता, हळूहळू आधी सरळ आणि मग आडवा सरकवा. बीकनवर अंतराचा आकडा सगळ्यात कमी दिसेल तिथून प्रोब टोचायला सुरुवात करा.

तिथे पोचल्यावर रोज सकाळी डीजीआरईचा (हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या संरक्षण खात्याच्या संस्थेचा) इशारा वाचा आणि स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांवरच्या गस्ती पथकाने, काय बंद ठेवलंय ते विचारा. गाईड ठरवताना त्याला आज तो कुठला उतार टाळणार आणि का, हे विचारा. ‘काही होत नाही, रोज जातो’ असं उत्तर आलं तर दुसरा गाईड बघा.