डॉल्फिनच्या मागे जेटस्की पळवायची का? वाचक विचारतात

सुट्टीतल्या ट्रिपबद्दल काहीही विचारा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. मला वाटलं हॉटेल, गाडीभाडं, पोरांना उलटी होते त्याची गोळी असले प्रश्न येतील, ते आलेच, पण निम्मे निघाले डॉल्फिन आणि देवमाशांचे. नागपुरातून! समुद्र जितका लांब तितकी ओढ जास्त असावी. त्यातले काही घेते.

ताई, आम्ही चार फॅमिली मिळून मालवणला गेलो होतो. पोट्ट्यांनी बनाना राइड, पॅरासेलिंग सगळं केलं. सकाळी बोटवाला डॉल्फिन दाखवतो म्हणाला, नाही दिसले तर पैसे देऊ नका म्हणे. दिसले, तीन-चार होते, आणि मग सात-आठ बोटी सगळीकडून धावल्या, आमचाही मागे लागला, वरून दोन पोट्टे जेटस्की घेऊन त्यांच्याभोवती गोल गोल फिरून राहिले होते. बायको म्हणे हे काही बरोबर नाही, मी म्हटलं त्यांना सवय असते. घरी येईपर्यंत वाद चालला. कोण बरोबर?
— एक वाचक, प्रतापनगर

वहिनी बरोबर. रागावू नका भाऊ, पण 'सवय असते' हे बोटवाल्यांचं पेटंट वाक्य आहे.

त्या किनाऱ्याला जे दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, करड्या रंगाचे, पाठीवर उंचवटा आणि त्याच्यावर छोटा पर. हे खोल समुद्रात फारसे जातच नाहीत, किनाऱ्याला लागून उथळ पाण्याची जी पट्टी असते तेच त्यांचं घर, मासे तिथेच पकडायचे, पिल्लं तिथेच वाढवायची, आणि आपली बनाना राइड, पॅरासेलिंग, जेटस्की पण नेमकी त्याच पट्टीत. मग ते जाणार कुठे? बोटी आल्या तरी तिथेच दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की त्यांना चालतं. आणि ही जात जगभरात धोक्यात आलेली आहे, मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि पुढचं व्हायला काही वर्षं जातात, त्यामुळे दोन-चार पिल्लं गेली तरी तो खड्डा लवकर भरत नाही.

सवयीचंच म्हणाल तर पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाची जागा आहे, तिथल्या डॉल्फिनांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे डॉल्फिन दाखवणारा एक धंदेवाला होता, त्याचे दोन झाले, तर तेवढ्यानेच त्या भागातले डॉल्फिन कमी झाले. २००६ मध्ये हे छापून आलं आणि सरकारने एक लायसन्स कमी केलं. दोनाचं एक! तुम्ही एका सकाळी सात-आठ बोटी मोजल्या.

आता आवाजाचं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीपेक्षा जास्त. डॉल्फिन टिकटिक असा आवाज काढतो आणि तो आपटून परत आला की त्याला कळतं मासा कुठे, खडक कुठे, आणि आई-पिल्लू एकमेकांना शिट्टीवर शोधतात. त्यात सात-आठ इंजिनं घरघरायला लागली की पिल्लाने आईचं ऐकायचं कसं. जेटस्कीचा वेगळाच ताप, बोट निदान एका दिशेने येते, जेटस्की कुठून वळेल ते चालवणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि गोल फिरणं म्हणजे तर रस्ता अडवणंच झालं.

रस्ता अडवण्यावर नागपूरच्या माणसाला मी काय सांगू. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-टू वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्स्यांनी घेरलं, व्हिडिओ फिरला, अख्खं शहर चिडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा ग्रुपवर 'या टुरिस्ट लोकांना अक्कल नाही' म्हणून लिहिणाऱ्यांपैकी किती जण पुढच्या सुट्टीत मालवणला जाऊन 'अजून जवळ घे ना रे' म्हणाले असतील देव जाणे. वाघीण रस्त्यावर आली की जिप्सी थांबवायची, इंजिन बंद, ती जाईल तेव्हा जाईल, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. डॉल्फिनला वेगळा नियम काऊन?

आणि एक. 'नाही दिसले तर पैसे नाही' ही स्कीम ऐकायला ग्राहकाच्या फायद्याची वाटते, पण खरी गडबड तिच्यातच आहे. बोटवाल्याचं त्या दिवसाचं डिझेल डॉल्फिनच्या पाठीवर लिहिलेलं असतं, मग तो पळवणारच. त्याला एकट्याला शिव्या देऊन काही होत नाही. पुढच्या वेळी बोटीत पाय ठेवायच्या आधी सांगा की दादा, दिसो न दिसो, पैसे पूर्ण देतो, पण मागे लागायचं नाही, लांबून दिसले की इंजिन बंद करून थांबायचं. मला तरी वाटतं बरेच बोटवाले यावर खुश होतील, तेवढंच डिझेल वाचलं. आणि थांबलेल्या बोटीजवळ डॉल्फिन आपणहून येतातही कधीकधी. आले तर ती तुमची लॉटरी. खायला टाकू नका आणि हात लावायला जाऊ नका, बस.

अंबाझरीत डॉल्फिन नाही, खिंडसीत नाही, मग नागपूरच्या मासिकात हे कशाला?
— एक वाचक, सक्करदरा

कारण गोव्याहून अंबाझरीचे मासे बघायला कोणी येत नाही, आपणच तिकडे जातो काका, तेही लाँग वीकेंडला सगळे एकदम.

चिलीमधला तो व्हिडिओ खरा आहे का, ज्यात देवमासा माणसाला बोटीसकट तोंडात घेतो आणि परत बाहेर टाकतो? माझा भाऊ म्हणतो एआय आहे. आणि गिळला असता तर?
— कॉलेजचा विद्यार्थी, कामठी

खरा आहे. फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट, चिलीच्या अगदी दक्षिणेला मॅगेलनची सामुद्रधुनी आहे तिथली. बापलेक हवेने फुगवायच्या छोट्या बोटींमधून वल्हवत चालले होते, बापाचा कॅमेरा चालू होता, आणि मागून हंपबॅक देवमासा वर आला, लेक बोटीसकट गायब, काही सेकंदांनी बाहेर. बाप त्याला शांत राहा म्हणून ओरडतो ते ऐकू येतं. पोरगा सुखरूप.

गिळला नसता. हंपबॅकला दात नसतात, तोंडात झालरीसारख्या पट्ट्या असतात, त्यातून पाणी गाळून बारके मासे आणि झिंग्यासारखे जीव तो खातो. तोंड अवाढव्य, पण घसा अरुंद, त्यातून माणूस जाऊच शकत नाही. माणूस त्याला नकोच असतो, तो मध्ये येतो. याची खायची पद्धत अशी की माशांचा थवा वरच्या पाण्यात गोळा झाला की खालून जबडा उघडून सुसाट वर यायचं, वर काय तरंगतंय हे तेव्हा बघत बसत नाही तो. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अविला बीचला हेच झालं, दोन बायका कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, देवमासे बघायला गेल्या होत्या, भोवती बारके मासे टणाटण उड्या मारायला लागले, आणि दुसऱ्या क्षणी कयाक उलटा आणि दोघी पाण्यात. वाचल्या त्याही. पण त्या उड्या मारणाऱ्या माशांचा अर्थच हा होता की खालून कोणी तरी येऊन राहिलं आहे. पाण्यावर पक्षी सूर मारताहेत, मासे उडताहेत, असं दिसलं तर तिथून लगेच बाजूला व्हायचं, आणि आपले लोक बरोब्बर तिथेच जातात कारण रील तिथेच बनते. पूर्ण वाढलेला हंपबॅक २५-३० टनांचा असतो, त्याने मुद्दाम काही करायची गरजच नाही, नुसतं शेपूट हललं तरी झालं.

लग्नानंतर आम्ही मॉरिशसला चाललो आहोत. पॅकेजमध्ये पहाटेचं 'डॉल्फिनसोबत पोहणे' आहे, भरपूर पैसे लावलेत. पोहायला इंजिन तर लागत नाही, मग त्यात काय वाईट?
— होणारी नवरी, धरमपेठ

अभिनंदन आधी! आणि सॉरी, कारण आता मी मूड घालवणार आहे.

अशा टूरमध्ये बऱ्याचदा भेटतात ते स्पिनर डॉल्फिन, हवेत गिरकी घेऊन उडी मारणारे. हे रात्रपाळीवाले. रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ, शांत खाडीत येतात ते झोपायला. झोपतातही कसे, अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहतो, कारण श्वास घ्यायला वर यायचं असतं, त्यामुळे ते हळूहळू पोहताना दिसतात आणि आपल्याला वाटतं मस्त आरामात फिरून राहिले, चला यांच्यासोबत पोहू. ते झोपेत असतात ताई. पहाटेची वेळ पॅकेजमध्ये का असते ते आता कळलं असेल. शिवाय पोहायला इंजिन लागत नाही, पण तिथपर्यंत तुम्हाला सोडायला बोट लागते, आणि डॉल्फिन पुढे सरकले की ती वळसा घालून पुन्हा त्यांच्या वाटेत सोडते, आणि पुन्हा, आणि पुन्हा. एक रात्र जागरण आपण सहन करतो, रोज सकाळी हेच झालं तर पिल्लाला दूध पाजायला आणि रात्री शिकारीला अंगात जोर कुठून यायचा. हवाईमध्ये हे इतकं वाढलं की २०२१ मध्ये नियमच आला, स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ४५ मीटर, पोहत जायचं नाही आणि बोटही न्यायची नाही. २०२३ मध्ये तिथे ३३ जणांना डॉल्फिनच्या मागे पोहताना पकडलं.

पॅकेजवाल्याला विचारा, त्याच पैशात कोरल बघायचं स्नॉर्कलिंग देतो का. बऱ्याचदा देतात.

माझा भाचा सिडनीला शिकतो. स्टँडअप पॅडलबोर्डवर उभा राहून देवमाशाच्या अगदी जवळ गेलेले व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकतो, सगळे वा वा करतात, मला धडकी भरते. मी जुन्या वळणाचा म्हणून असं वाटतं का?
— एक मामा, मानेवाडा

मामा, तुमची धडकी कायदेशीर आहे. त्या राज्यात देवमाशापासून १०० मीटर लांब राहायचं, सोबत पिल्लू असेल तर ३०० मीटर. डॉल्फिनपासून ५०, पिल्लू असेल तर १५०. जेटस्कीला सरसकट ३००. आणि सर्फबोर्ड, कयाक हे पण बोटीतच मोजतात, त्यामुळे 'माझं तर नुसतं फळकुट आहे' हे चालत नाही. उलट वल्ह्याची बोट आवाज न करता जवळ जाते, देवमाशाला ती उशिरा कळते आणि तो दचकतो, ते जास्त वाईट.

तिकडच्या थंडीत हे हंपबॅक देवमासे अंटार्क्टिकाकडून वर गरम पाण्यात येतात, पिल्लं द्यायला. त्या महिन्यांत आई जवळपास काही खात नाही, अंगावरच्या चरबीवर जगते आणि त्यातूनच पिल्लाला पाजते, मग त्याला घेऊन हजारो किलोमीटर परत जाते. तिला चार वेळा बाजूला पळावं लागलं तर ते त्याच चरबीतून जातं. देवमासा स्वतःहून जवळ आला तर भाच्याचा दोष नाही, तेव्हा त्याने गप थांबावं, पाठलाग करू नये, वाट सोडावी. ग्रुपवर एवढंच लिहा, 'बेटा, दंड किती आहे रे तिकडे?' वा वा थांबेल.

आपल्या देशात याला काही कायदा आहे की नाही?
— एक वाचक, हिंगणा

आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. २०२२ च्या दुरुस्तीनंतर देवमासे आणि डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आणि त्या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं असं नाही, पकडणं, पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातलं काही करायचा प्रयत्न, सगळं त्यात येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला कमीत कमी ३ वर्षं, सात वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांपासून पुढे दंड. मीटर मोजून दिलेले नाहीत त्यात, पण जेटस्कीवरून डॉल्फिन हाकणाऱ्याने 'आम्ही तर एन्जॉय करत होतो' म्हणून सुटायची खात्री बाळगू नये.

२०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं ते टीव्हीवर पाहिलं. आपण तिथे असलो तर नेमकं काय करायचं? लोक तर सेल्फीच काढत होते.
— एक आजी, महाल

आजी, ते पिल्लू लोकांनी आणि वनखात्याने मोठ्या मेहनतीने समुद्रात नेलं होतं, पण वाचलं नाही. आईपासून तुटलेलं दूधपितं पिल्लू वाचणं तसंही फार कठीण.

आधी १९२६ ला फोन करायचा, वनखात्याची हेल्पलाइन आहे, किंवा गावातल्या पोलीसपाटलाला सांगायचं. लोकांना मागे करायचं, हे सगळ्यात अवघड काम आणि ते आजीच करू शकते, पोलिसाचं कोणी ऐकत नाही. शेपटीला किंवा परांना धरून ओढू द्यायचं नाही, ते उखडतात. ओली फडकी अंगावर टाकायची, वर पाणी मारत राहायचं, पण डोक्यावर जे छिद्र असतं ते त्याचं नाक, तिथे फडकं नको आणि पाणी तर अजिबात नको, लोक घाईत नेमकं तिथेच बादली ओततात. सावली करता आली तर करायची आणि डॉक्टर येईपर्यंत आवाज कमी ठेवायचा.