30 टक्के अपंगत्वासह आर्मीतून निवृत्त झालेल्याला टर्म विमा मिळतो का? एजंट म्हणतो, अपंगत्व लिहू नका.

मिळतो. आणि त्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

माझा सख्खा मेहुणा विमा एजंट आहे. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा निवृत्तीआधी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने उजव्या गुडघ्याचं अपंगत्व धरलं होतं, शिवाय बीपीची गोळी चालू होती. मेहुणा प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, भरूनच घेऊन आला, मी फक्त सही करायची. आजार, अपंगत्व, सगळीकडे 'नाही'. म्हणाला, "दाजी, गुडघ्याने कोण मरतं? आणि तीन वर्षं उलटली की कंपनी काही विचारू शकत नाही." मी तो फॉर्म फाडला, कोरा मागवला आणि बोर्डाच्या कागदांच्या झेरॉक्स जोडल्या. एका कंपनीने नकार दिला. दुसरीने मेडिकल करून पॉलिसी दिली, हप्ता वाढवून, आणि ती वाढ बीपीसाठी होती, गुडघ्यासाठी नाही. पुढे एका लग्नात त्याने चारचौघांत ऐकवलं, "दाजी खरेपणाचा हप्ता भरतात." भरतो. उद्या मी गेलो तर क्लेमसाठी त्याचीच बहीण कंपनीच्या दारात उभी राहणार आहे, हे त्याला अजून कळत नाही.

तीन वर्षांचं म्हणाल तर विमा कायद्याच्या कलम 45 मध्ये ते आहे. तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर हरकत घेता येत नाही. पण माणूस दुसऱ्याच वर्षी गेला तर? शिवाय हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर तीन वर्षं तिथून नव्याने मोजतात. हे माझा मेहुणा गिऱ्हाइकाला सांगत नाही. आणि लपवणार तरी काय? डिसेबिलिटी पेन्शन दर महिन्याला बँकेत जमा होते, पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, सगळं छापलेलं असतं.

टक्क्यांची फार काळजी करू नका. पेन्शनसाठी बऱ्याचदा 30 चे 50 धरतात, म्हणून तुमच्या पीपीओवर 50 दिसत असतील. बोर्डाचे मूळ कागद सोबत द्या. कंपनी टक्क्यांपेक्षा कारण बघते.

वय पन्नासच्या आत असेल तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आजच बँकेत सुरू करा. वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचं कवच, मेडिकल नाही. पहिले 30 दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यूला पैसे मिळतात, आणि 55 नंतर हा विमा चालत नाही. निवृत्त होताना आर्मी ग्रुप इन्शुरन्सच्या एक्स्टेंडेड (निवृत्तीनंतरही चालणाऱ्या) विम्यासाठी एकरकमी पैसे कापले गेले असतील, तो कागदही शोधून ठेवा.

अपंगत्व कशाचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हृदय, साखर किंवा मानसिक आजार असेल तर माझ्या अनुभवावर जाऊ नका, नकार येऊ शकतो. तरी फॉर्म स्वतःच्या हाताने भरा आणि सहीआधी वहिनींना वाचायला द्या.